पिवळा दिवा

१४ जुलै

अल्पेश सरांनी आज मीटिंगमध्ये माझ्याकडे न बघता विचारलं, "रिस्कचं ते कोष्टक किती दिवसांत भरून मिळेल?" भरून मिळेल म्हणे. जणू मी रेशनकार्डाचा अर्ज भरायला बसले आहे. त्याच रागात संध्याकाळी स्टँडजवळच्या दुकानातून ही वही घेतली. कुणाशी तरी बोललंच पाहिजे, आणि घरी आयशी बोलावं तर ती म्हणते नोकरी सोड आणि लग्न कर, म्हणजे आणखी डोकं फिरतं.

तर नीट लिहिते. कंपनी अलिबागला, दुसऱ्या मजल्यावर. आजवर आम्ही ट्रकमध्ये बसवायचे डबे बनवत होतो. ट्रक कुठे आहे ते मालकाला फोनवर दिसतं, आणि ड्रायव्हरवर प्रसंग आला तर दाबायला एक लाल बटण. उरण-पनवेलच्या ट्रकवाल्यांनी भरपूर घेतले. आता तोच डबा मच्छीमार बोटींवर बसवायचा आहे. बटण दाबलं की बोटीचा ठावठिकाणा उपग्रहामार्फत किनाऱ्यावरच्या मदत कक्षाला आणि आसपासच्या बोटींना जाणार. मच्छीमार सोसायट्यांच्या संघाने एकशे चाळीस बोटींसाठी हे ठरवलंय, दसऱ्याला उद्घाटन. डब्याचा प्रोग्रॅम निकेत लिहितो. तो प्रोग्रॅम खरंच काम करतो की नाही हे तपासणं माझ्याकडे.

ट्रकचा डबा गडबडला तर मालक शिव्या देतो. बोटीवरचा गडबडला तर माणूस जातो. एवढी साधी गोष्ट त्या माणसाच्या डोक्यात शिरत नाही.

१७ जुलै

सरांच्या केबिनमध्ये दोन तास गेले. धोका शोधायची पद्धत आधी ठरली पाहिजे, कारण कशाची चाचणी किती कसून घ्यायची हे तिच्यावरून ठरतं. सगळ्याचीच घेत बसलं तर जन्म पुरायचा नाही. मी फळ्यावर तीन पद्धती लिहिल्या.

एक एफएमईए, म्हणजे सरांचं ते कोष्टक. डब्याचा एकेक भाग घ्यायचा, बटण, बॅटरी, अँटेना, प्रोग्रॅमचा प्रत्येक तुकडा. तो बिघडला तर किती वाईट, किती वेळा बिघडेल, आधी कळेल का, याला दहापैकी आकडे देऊन गुणाकार करायचा. सरांना ही आवडते कारण ट्रकच्या डब्याचं कोष्टक तयार पडलंय. "ट्रक खोड, बोट लिही, झालं की," असं ते खरंच म्हणाले.

दुसरी फॉल्ट ट्री, झाडाची. सगळ्यात वर सगळ्यात वाईट गोष्ट लिहायची, आमच्याकडे 'मदत आली नाही', आणि तिथून एकेक फांदी खाली उतरायचं की हे कशामुळे, आणि ते कशामुळे. डब्याचा प्रत्येक भाग धडधाकट असूनही माणूस बुडू शकतो, हे कोष्टकात दिसत नाही, झाडात दिसतं. मी हेच धरून बसले आहे.

तिसरी हॅझॉप. रोह्याला एका केमिकल कंपनीत होते तेव्हा शिकले. टाकीवर काम करणाऱ्या माणसांनाच टेबलाभोवती बसवायचं आणि प्रत्येक गोष्टीला ठरलेले शब्द लावून विचारायचं. नाही, जास्त, कमी, उशिरा, उलट. पाणी आलंच नाही तर? उशिरा आलं तर? कधी कधी एखादा टाकीवाला असं काही बोलून जायचा की इंजिनिअर लोक पेन खाली ठेवायचे.

ही तिसरी मी स्वतःच पुसून टाकली. तिच्यासाठी चार-पाच खलाशी इथे आणून बसवावे लागतील, आणि खलाशांना कुठला वेळ असतो? गेल्या महिन्यात दादूस, माझा थोरला भाऊ, त्याच्या बोटीची मापं द्यायला आला होता. तो गेल्यावर सरांनी खिडक्या उघडून स्प्रे मारला आणि सगळे हसले. मीही हसले. शिवाय माझ्या तीन पिढ्या दर्यावर गेल्यात, मला वेगळं कुणाला विचारायची गरज नाही.

२१ जुलै

जिंकले. झाड करायचं ठरलं. शेवटी मी त्यांना म्हटलं, "सर, उद्या बोट बुडाली आणि चौकशी झाली तर ट्रक खोडून बोट लिहिलेला कागद दाखवाल का?" तेव्हा कुठे हो म्हणाले. मात्र दिवस दहाच दिले, आणि वर म्हणाले, "अरे यार ऋतिका, तू फार इमोशनल होतेस. ते तुमचे लोक आहेत म्हणून." तुमचे लोक! तळपायाची आग मस्तकात गेली.

घरी येताना बंदरावर सगळ्या बोटी ओढून ठेवलेल्या. पावसाळ्याची मासेमारी बंद, त्यामुळे दादूस आणि तुळशीकाका दुपारपासून जाळी विणत गप्पा मारत होते. तुळशीकाका म्हणजे दादूसच्या बोटीवरचा सगळ्यात जुना खलाशी, माझ्या जन्माआधीपासून आमच्या घरचा. "बस गो बाय जरा," म्हणाला. मला वेळ नव्हता.

२८ जुलै

झाडाची त्रेसष्ट घरं झाली. निकेत म्हणतो भिंतीवर लावण्यासारखं झालंय. आज त्याच्याबरोबर ट्रकचे जुने नियम एकेक करून झाडात बसवले. बरेचसे ठीक आहेत. एक नियम असा की ट्रक वीस मिनिटं जागचा सरकला नाही की डबा त्याला 'उभा' समजतो आणि हिरवा दिवा जाऊन पिवळा लागतो. उभ्या ट्रकात लाल बटण दाबलं गेलं तर ते बहुतेक क्लीनरचं ढुंगण लागूनच दाबलेलं असतं. म्हणून डबा अर्धा तास वाट बघतो, कुणी रद्द करतं का म्हणून, आणि मगच संदेश सोडतो. हा नियम नव्हता तेव्हा मदत कक्षाला दिवसाला पन्नास खोटे निरोप जायचे.

बोटीलाही हे लागतंच. बंदरात बांधलेल्या बोटींवर कोळीवाड्यातली सगळी पोरं नाचतात, बटण दाबलं जाणारच. त्या फांदीखाली लिहिलं, 'बोट स्थिर, म्हणजे बंदरात. धोका नाही.' फांदी बंद केली. सही केली. आज अल्पेश सर सोडून सगळं जग बरं वाटलं.

९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. चाचणीचा पहिला डबा दादूसच्या बोटीवर बसवला, कारण दुसरा कुणी तयार झाला नाही. आयने त्याची पूजा केली आणि हळदकुंकू थेट बटणाच्या खाचेत भरलं. मी सगळ्यांसमोर आयला बोलले. कापसाने अर्धा तास कुंकू काढत बसले. मला कुणी समजूनच घेत नाही, बटण अडकलं तर माझ्या झाडात त्याला चौथी फांदी आहे आणि हे लोक तिच्यात कुंकू भरतात.

१० सप्टेंबर

डोकं फुटायची वेळ. अल्पेश सरांनी माझं झाड सोसायटीच्या संघाला दाखवलं ते स्वतःच्या नावाने! खाली एका कोपऱ्यात, 'सहाय्य: ऋतिका'. मी सहाय्य. मी रात्री डोळे फोडून घरं काढली आणि मी सहाय्य. केबिनमध्ये जाऊन बोलले तर म्हणतात टीमवर्क आहे. टीमवर्क गेलं खड्ड्यात. ढोल्या, खोटारडा, परफ्यूमची बाटली.

असल्या डोक्याने एसटीतून उतरले तर बंदरावर तुळशीकाका टपलेलाच. तंबाखू मळत मळत आला. "बाय, तुजा डबा डोलीच्या जाल्यावर झोपतो गो. जाताना हिरवा, येताना हिरवा. डोलीवर उभं रायलो का पिवला." एकच गोष्ट तीनदा सांगितली, तोंडात तंबाखू धरून, माझ्या ऑफिसच्या कपड्यांवर शिंतोडे. म्हटलं काका, दर्यात बोट लाटांवर हलतेच ना, मग पिवळा लागेल कसा? तारेत ओल गेली असेल, फडक्याने पुसून घ्या. तर म्हणतो, "वल नाय गो. रोजच व्हतं." म्हटलं बरं, बघते. काहीतरी सांगितल्याशिवाय यांचा दिवस जात नाही. ज्याला मोबाईलचा आवाज कमी करता येत नाही तो मला माझा डबा शिकवतो.

सही कुणाची आहे त्या झाडावर? माझी आहे. बघून घेईन.

१५ सप्टेंबर

चाचणी पास. एकूण दोनशे बारा चाचण्या, एकही नापास नाही. दसऱ्याला एकशे चाळीस डबे. सरांनी पेढे वाटले, मी घेतला नाही.

२३ सप्टेंबर

सगळं क्रमाने लिहिते.

आज सकाळी दादूसची बोट डोलीवर होती. डोल म्हणजे पिशवीसारखं लांब जाळं, दर्यात रोवलेल्या खुंटांना बांधलेलं. पाणी फिरेपर्यंत बोट तिथेच जाळ्याच्या दोराला धरून दोन-तीन तास थांबते. काल-परवाची अमावस्या, म्हणजे उधाणाचं पाणी, ओढ जबर. जाळं वर घेताना विंचवरचा, म्हणजे दोर ओढायच्या यंत्रावरचा, दोर तुळशीकाकाच्या उजव्या हातावर चढला आणि हात आत ओढला गेला. दादूसने कोयत्याने दोर तोडला. हात सुटला, पण तुटलेला दोर बोटीच्या पाण्याखालच्या पंख्यात गेला आणि इंजिन बंद. लहान बोट, वायरलेस नाही, तिथे मोबाईलला रेंज नाही. डबा काकाच्या डाव्या हाताशी होता, त्यानेच लाल बटण दाबलं. मग ते वाट बघत बसले.

कुणी आलं नाही. शेवटी दादूसने अंगातला शर्ट वल्ह्याला बांधून उभा धरला. तो लांबच्या एका बोटीने बघितला आणि ते आले. किनाऱ्यावर आणेपर्यंत सव्वा तास गेला. अलिबागच्या हॉस्पिटलात मनगटापासून हात काढावा लागला. डॉक्टर दादूसला म्हणाले, अर्धा तास आधी आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता.

एकशे चाळीस डबे, दोनशे बारा चाचण्या आणि शेवटी शर्ट कामी आला.

२४ सप्टेंबर

अल्पेशला मी सोडणार नाही. (सर लिहायचं बंद.) दहा दिवस दिले त्याने. दहा! बॅटरी स्वस्तातली घेतली असणार, नाहीतर अँटेना. निकेतला सांगितलंय डबा काढून आण आणि आतली नोंद उघड. ज्याने जे केलं असेल ते पुराव्यासकट त्याच्या तोंडावर मारते.

२६ सप्टेंबर

निकेतने दुपारी नोंद उघडली. मला बोलावलं आणि खुर्ची पुढे केली, म्हणाला, "बस आधी."

सात बेचाळीसला बटण दाबलं. चार सेकंद धरून ठेवलं, म्हणजे हवं त्यापेक्षा एक सेकंद जास्तच. बॅटरी पूर्ण, अँटेना ठणठणीत. अवस्था: उभा. आठ बारा वाजता संदेश गेला.

डबा लाटा मोजत नाही. तो जागा मोजतो. लाटांवर कितीही हलली तरी डोलीवरची बोट वीस मिनिटं काय, तीन तास त्याच जागेवर असते. तेव्हा डब्याने अगदी सांगितलं तसं केलं. पिवळा दिवा लावला, क्लीनरचं ढुंगण लागलं असं समजला, आणि अर्धा तास थांबला.

डोलीवर बोट थांबते हे मला माहीत नव्हतं का? मी पाच वर्षांची असताना बाबाबरोबर डोलीवर गेले होते, बोट थांबली म्हणून भाकरी खाल्ली होती.

घरी येऊन ही वही उघडली. १० सप्टेंबर वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग १७ जुलै. खलाशांना कुठला वेळ असतो, असं लिहिलंय मी. जुलैत. बोटी ओढून ठेवलेल्या असताना. खाली २१ तारखेला बस गो बाय असंही लिहिलंय.

आज कुणावर ओरडायचं ते कळत नाही.

२९ सप्टेंबर

अल्पेशने अहवालाचा मसुदा टेबलावर टाकला. 'खलाशाने बटण आवश्यक तेवढा वेळ दाबून धरलं नाही.' बाकी उद्घाटन ठरल्याप्रमाणे.

म्हटलं, "सर, चार सेकंद. नोंद आहे."

"नोंद आपल्याकडेच आहे. निकेतने तो नियम काढून टाकलाय. एका ओळीचं काम होतं. प्रॉब्लेम संपला."

"एक नियम संपला. बाकीचेही ट्रकमधूनच आलेत. त्यांतले किती बोटीवर उलटे पडतात हे खलाशांना विचारल्याशिवाय कळणार नाही. तोपर्यंत एकही डबा बसवायचा नाही."

तेव्हा त्याने कपाटातून माझं झाड काढलं, अगदी शांतपणे पसरलं आणि त्या फांदीवर बोट ठेवलं. 'बोट स्थिर, म्हणजे बंदरात. धोका नाही.' "ही सही कुणाची? संघाला दाखवताना माझं नाव होतं, बरोबर. पण मूळ कागदावर तूच आहेस. हा अहवाल मी तुझ्यासाठी लिहिलाय असं समज."

मी गप्प बसले. खरंच गप्प बसले. दोन महिने त्या माणसाच्या तोंडावर बोलत होते, आणि आज तोंडाला कुलूप. बाहेर येऊन पाणी प्यायले आणि मनात म्हटलं, नियम तर काढलाय ना. हे मी इथे लिहून ठेवते, कारण उद्या मलाच वाटेल की मी तेव्हाच काहीतरी बोलले होते.

३० सप्टेंबर

हॉस्पिटलात गेले. काका झोपला होता. हाताला एवढं मोठं बँडेज. त्याची बायको जनीकाकी बाकावर बसली होती, तिने मला जागा करून दिली, डब्यातली भाकरी पुढे केली. ऑफिसचं कुणीतरी काल येऊन गेलं होतं म्हणे, फळं घेऊन. आणि ते बटणाचं सांगून गेलं होतं.

काकीने बराच वेळ पदराचं टोक पिळलं. मग म्हणाली, "बाय, मना काय कलत नाय त्यातला. येकच सांग. यांनी बटन नीट नाय दाबलं काय?"

मी काही बोलायच्या आत तीच पुढे म्हणाली, "रातभर तेच बोलतान. मीच नीट दाबला नसंल, डावा हात ना, मीच चुकलू. वाड्यातले पन तेच बोलतान आते. हात गेला त्याचा दुख नाय गो त्यांना. हसू व्हतंय त्याचा हाय."

"काकी, मी उद्या सांगते," एवढंच म्हटलं. उद्या कशाला? तोंडात उत्तर तयार होतं. जिना उतरताना स्वतःची एवढी चीड आली की रेलिंगवर हात आपटला. अजून दुखतोय, आणि दुखतोय त्याची लाज वाटते.

१ ऑक्टोबर

सकाळी सात वाजता स्टँडजवळच्या झेरॉक्सवाल्याला उठवलं. तीन कागद काढले. डब्याची नोंद. झाडाची ती फांदी, माझ्या सहीसकट. आणि या वहीतलं १० सप्टेंबरचं पान. झेरॉक्सवाला म्हणाला, ताई, वरचा भाग झाकू का? त्याने वाचलं असणार, ढोल्या, परफ्यूमची बाटली वगैरे. म्हटलं नाही, अख्खं पान काढ. खाली काकाबद्दल जे लिहिलंय तेही आहे त्यात, मोबाईलचा आवाज आणि सगळं. अर्धं झाकलं तर तोही खोटा अहवालच झाला.

वर एक पान लिहिलं. बटण नीट दाबलं होतं. डबा माझ्या चुकीने थांबला. तेरा दिवस आधी खलाशी तुळशीराम यांनी ही खोट मला तोंडी सांगितली होती, सोबतचं पान पाहावं. बाकीचे नियम खलाशांना विचारून तपासेपर्यंत एकही डबा बसवू नये.

संघाच्या अध्यक्षांच्या घरी जाऊन हातात दिलं. ते ओट्यावर उभे राहूनच वाचायला लागले. वहीचं पान आलं तसा चष्मा वर केला आणि माझ्याकडे बघितलं, मग परत वाचलं. स्वतः तीस वर्षं डोल मारलेला माणूस. एकच विचारलं, "यो बोलला, आनि तू आयकला?"

"हो."

त्यांनी तिथूनच फोन लावला आणि उद्याचं उद्घाटन बंद म्हणून सांगितलं. अल्पेशचे मला बारा मिसकॉल. तेराव्याला उचलला. तो खूप वेळ बोलला आणि मला पहिल्यांदाच त्याचा राग आला नाही, कारण त्यातलं निम्मं खरं होतं. उद्यापासून येऊ नकोस, हे शेवटचं. बरं म्हटलं. निकेतचा फक्त मेसेज आला, ट्रकच्या बाकीच्या अठरा नियमांची यादी पाठवलीय, ऑफिसच्या नाही, तुझ्या स्वतःच्या मेलवर.

२ ऑक्टोबर, दसरा

काका जागा होता. डाव्या हाताने चहा पीत होता, निम्मा बशीत, निम्मा चादरीवर. जनीकाकी, दादूस आणि वाड्यातले चौघे जण होते. बरं झालं, सगळ्यांसमोरच सांगायचं होतं.

मी उभी राहूनच सांगितलं. "काका, तुम्ही बटण बरोबर दाबलंत. चार सेकंद. डब्यात लिहिलेलं आहे. डबा थांबला तो माझ्यामुळे." दादूसने मान खाली घातली. जनीकाकीने तोंडावर पदर धरला. मग मी वही काढली आणि १० सप्टेंबर वाचून दाखवलं, तंबाखू, शिंतोडे, काही न गाळता. मोबाईलच्या आवाजाचंही वाचलं.

काकाने बशी खाली ठेवली. मला वाटत होतं तो ओरडेल, ओरडला असता तर बरं झालं असतं.

मी निकेतची यादी चादरीवर ठेवली. म्हटलं, "असे अजून अठरा नियम आहेत. एकेक वाचते. तुम्ही सगळे सांगा, दर्यावर हे झालंच नाही तर काय, उशिरा झालं तर काय, उलट झालं तर काय. कितीही वेळ लागू दे. मला आता ऑफिस नाही."

काकाने माझ्या हातातल्या पेनाकडे बघितलं.

"तवाच लिवून घ्यायाचा व्हता, बाय," तो म्हणाला.

"लिहिलं होतं काका. चुकीच्या वहीत."

त्याने डाव्या हाताने कागद जवळ ओढला, उलटा होता तो, दादूसने सरळ करून दिला. "वाच पयला," म्हणाला. मी वाचला. पहिल्याच नियमाला तिघे एकदम बोलले, आणि काका म्हणाला थांबा, तिला लिवू दे.